उजव्या खांद्याचा पट्टा

माझ्या बायकोच्या, असिमीनाच्या, हाताच्या शिरा पहिल्यापासूनच लपून बसणाऱ्या. साधं रक्त तपासायचं म्हटलं तरी नर्सला शोधाशोध करावी लागायची. आतड्याचं ऑपरेशन झाल्यावर केमोची पहिली खेप हाताच्या शिरेतून दिली, आणि तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला. सूप प्यायचं तर चमचा मी धरायचो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो हात उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे असं चालायचं नाही. आपण डबी बसवू."

त्यांनी खणातून एक काढून टेबलावर ठेवली. कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी, जाडसर, मध्ये रबराची गादी आणि बाजूने निघालेली शेवईसारखी नळी. ही कातडीखाली बसवायची, उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या खाली. नळी आतल्या आत मोठ्या शिरेत शिरून हृदयाजवळ जाते. मग सुई टोचायची ती त्या रबरात. औषध, सलाईन, रक्त काढणं, सगळं तिथूनच. हाताच्या शिरांना सुट्टी.

"आणि ही राहणार किती दिवस?" असिमीनाने विचारलं.

"केमो संपेपर्यंत तर हवीच. नंतरही एकदोन वर्षं राहू देऊ. पुन्हा गरज पडली तर हाताशी असावी."

"म्हणजे भाडेकरू ठेवायचा."

"तसंच समजा," डॉक्टर हसून म्हणाले. "मधून मधून येऊन नळी धुऊन घ्यायची, एवढाच त्याचा त्रास."

तासाभराचं काम होतं. भूलही त्या जागेपुरतीच दिली. संध्याकाळी आम्ही घरी परत. थोडे दिवस जड उचलायचं नाही, जखम ओली करायची नाही, आणि ताप आला, थंडी वाजून आली किंवा ती जागा लाल झाली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, असं ग्लिकेरियाने बजावून सांगितलं. ग्लिकेरिया म्हणजे केमोच्या वॉर्डातली मुख्य नर्स. बांध्याने थोराड, आवाज असा की आमच्या डोंगरावरच्या मेंढपाळानेही मान खाली घालावी. ती मला म्हणाली, "झिसिसराव, तुम्ही ऐकलंत ना? नवरे नुसती मान हलवतात आणि पार्किंगला पोचेपर्यंत सगळं विसरतात."

मी विसरलो नाही. जखम भरली, टाके गेले, आणि कातडीखाली तो उंचवटा तेवढा राहिला. पहिल्या पहिल्यांदा असिमीना बोट लावायला घाबरायची. मग हळूहळू सवय झाली. शेजारच्या बायका बघायला यायच्या, तर ती ब्लाउजची कड बाजूला करून दाखवायची. "दाबून बघ," म्हणायची. "चावत नाही."

अडचण वेगळीच निघाली. आमचं गाव किसावोस डोंगराच्या उतारावर. सफरचंदं आणि चेस्टनट, एवढ्यावर आमचं सगळं. हॉस्पिटल खाली लारिसा शहरात, आणि वाट सगळी वळणांची. आमच्याकडे जुना पिकअप. पुढे दोन माणसं बसायची, मागे पेट्यांचा हौदा. इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे चालवणाऱ्याचा सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि शेजारी बसणाऱ्याचा उजव्या. लग्न झाल्यापासून असिमीना माझ्या उजवीकडे बसत आली होती. म्हणजे पट्टा नेमका डबीवर.

त्यात तिच्या औषधाची रीत अशी, की वॉर्डात काही तास सलाईन लावायचं आणि उरलेलं औषध घरी घेऊन जायचं. एक छोटी प्लास्टिकची बाटली, तिच्या आत फुगा, फुग्यात औषध. फुगा आपोआप आकसत जातो आणि औषध थेंबाथेंबाने नळीतून डबीत जात राहतं. दोन दिवस ती बाटली कमरेच्या पिशवीत घालून हिंडायचं, सुई छातीत तशीच, वर पारदर्शक चिकटपट्टी. मग परत खाली जाऊन काढून यायचं.

असिमीना ती बाटली घेऊन स्वयंपाक करायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. फ्रीज उघडायचा असला की मात्र मला हाक मारायची, कारण त्या औषधाने थंडीची अशी काही भीती बसते की गार वस्तूला हात लागला तर बोटांत सुया टोचतात. सगळा हिवाळा ती घरात लोकरीचे हातमोजे घालून वावरली. माझ्याशी भांडताना सुद्धा मोजे घालूनच भांडायची. त्यामुळे टेबलावर हात आपटला तरी आवाज येत नसे आणि तिचा आणखी संताप व्हायचा.

गाडीत ती डाव्या हाताने पट्टा छातीपासून लांब धरून बसायची. मी म्हटलं, "काखेखालून घे की." तसा घेतलाही. ग्लिकेरियाला कळलं तेव्हा तिने दोघांना उभं केलं. "काखेखालून पट्टा? बरगड्या मोडून घ्यायच्यात का? पट्टा खांद्यावरूनच. मध्ये मऊ काहीतरी घाला." मग असिमीनाने उशीचा तुकडा घातला. तो प्रत्येक वळणावर घसरून मांडीत यायचा. एकदा टॅक्सीने गेली, मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. पट्ट्याचा त्रास नव्हता, पण ड्रायव्हर सिगारेटी ओढत होता आणि तोंडाने सरकार पाडत होता. घरी आली ती पांढरीफटक होऊन. म्हणाली, "त्यापेक्षा तुझा पिकअप बरा. तू निदान गप्प तरी बसतोस."

फेब्रुवारीत एका दुपारी आम्ही बाटली घेऊन वर येत होतो. चिंचोळ्या वळणावर कुणाचं तरी कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक मारला. कुत्रं वाचलं, पण पट्टा गच्च आवळला गेला आणि असिमीना ओरडली. तिला मी आजवर तसं ओरडताना ऐकलं नव्हतं, आमच्या थोमाईच्या जन्माच्या वेळी सुद्धा नाही.

"काय झालं? सुई?"

"चल. घरी चल आधी."

घरी येऊन पाहतो तर चिकटपट्टीखाली ओल दिसत होती. असिमीनाने स्वतः फोन लावला आणि ग्लिकेरियाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "नळीवर पांढरी चिमटी आहे. दाबा. दाबली? आता औषध थांबलं. त्या जागेला हात लावू नका, मोज्यांनीही नाही, आणि असेच्या असे परत या. जळजळतंय का? नाही ना? मग घाबरू नका."

पुन्हा डोंगर उतरलो. मी इतका हळू चाललो होतो की मागे ट्रकची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवत होते. असिमीनाने तळहाताची ओंजळ करून पट्टा अधांतरी धरला होता.

सुई जराशी उचकटली होती, एवढंच. ग्लिकेरियाने ती काढली, कातडी तपासली, डॉक्टरांना दाखवली. औषध कातडीखाली शिरलं नव्हतं, बाहेरच झिरपलं होतं. नवी सुई बसवली, बाटली पुन्हा चालू केली. "डबी आपल्या जागी ठणठणीत आहे," ती म्हणाली.

त्या आठवड्यात असिमीनाने मेंढीची लोकर पिंजून एक कडं शिवलं, मधोमध भोक असलेलं, चांगलं दोन बोटं जाड. कडं डबीभोवती बसायचं आणि पट्टा कड्यावर टेकायचा. सुईला काही लागायचं नाही. वरून दोन नाड्या, एक मानेत, एक काखेत, म्हणजे घसरायला नको. ग्लिकेरियाने ते हातात घेऊन उलटून पाहिलं आणि विचारलं, "आणखी शिवाल का? माझ्याकडे सहाजणी आहेत." असिमीनाने शिवून दिली. राहिलेल्या सगळ्या खेपा त्या कड्यावर निभावल्या. एप्रिलच्या शेवटी, बदाम बहरून गेल्यावर, शेवटची बाटली रिकामी झाली.

मला वाटलं, आता झालं. सुई नाही, बाटली नाही, नुसती डबी. महिना दीड महिन्याने जाऊन धुऊन घ्यायची.

पण जूनच्या सुरुवातीला, रानभाजी भरलेली खुसखुशीत पिटा भट्टीतून काढता काढता ती म्हणाली, "मी गाडी शिकणार आहे."

"कसली गाडी?"

"झिसिस, आपल्याकडे गाड्या किती आहेत?"

"अगं, पण आता काय त्याचं? आता तर सुई नसते. पट्टा लागला तरी थोडंसं—"

"लागतो. प्रत्येक वळणाला लागतो. तुझ्या खांद्यावर पट्टा डावीकडून येतो, तुला कसं कळणार?" तिने पिटा टेबलावर ठेवली. "चालवणाऱ्याच्या जागेवर मी बसले तर पट्टा डबीच्या वाटेलाही जात नाही. विचार केलायस कधी?"

केला नव्हता.

"तुझ्या वयाला?" मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"माझ्या वयाला मी कापून घेतलं, विष घेतलं, डबी बसवून घेतली. क्लच तेवढा जमायचा नाही, होय?" मग ती खुर्चीत बसली आणि जरा हळू बोलली. "त्या दिवशी कुत्रं आडवं आलं ना, तेव्हा मी काहीच करू शकत नव्हते. नुसती धरून बसले होते. बसल्या बसल्या मला वाटलं, ह्या सगळ्या आजारपणात मी हेच करतेय. कुणीतरी नेतंय आणि मी धरून बसलेय. मला हॉस्पिटलात जायचं असेल तर मी माझी जाईन. तू ये हवं तर सोबत."

मी पिटा खाल्ली. चांगली झाली होती.

थोमाई, आमची मुलगी, सालोनिकाला असते. तिने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "बाबा, तुम्ही तिला समजवा! चार दारांची गाडी घ्या, मागे बसेल ती."

"पिकअपशिवाय बाग चालत नाही, आणि दोन गाड्या ठेवायला आम्ही मंत्री नाही," मी म्हटलं. "आणि तुझ्या आईला समजावणं एवढं सोपं वाटतं तर तूच ये."

डॉक्टरांनी औषधाने आलेली बोटांची बधिरता तपासली. डोळे मिटायला लावून हातात नाणं, किल्ली, बटण दिलं आणि ओळखायला सांगितलं. "पायांचं काय? पेडल कळेल?" असिमीनाने बूट काढून पाय पुढे केला. उन्हाळा अर्धा सरेपर्यंत थांबा म्हणाले, मग हरकत नाही.

खालच्या गावातला लाम्ब्रोस गाडी शिकवतो. लांब मिशांचा, सोशिक माणूस. त्याच्या गाडीला त्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. पहिल्या आठवड्यानंतर मी त्याला विचारलं, "कसं काय?"

"बाई उत्तम शिकतात," लाम्ब्रोस म्हणाला. "फक्त बोलताना माझ्याकडे बघतात."

"ती सगळ्यांकडे बघूनच बोलते."

"हो, पण समोर रस्ता असतो ना."

गावच्या कॉफीखान्यात माझी दशा झाली. मी आत शिरलो की फोटिस पत्ते खाली ठेवून म्हणायचा, "कोंबड्या आत घ्या रे, झिसिसची बायको निघालीय!" दुसरा विचारायचा, "झिसिस, लायसन्स मिळाल्यावर तू मागे हौद्यात बसणार की पुढे?" मीही मग म्हणायचो, "तुमच्या बायकांना शिकवा. तुम्ही निम्मे तरी रस्त्यावरून कमी व्हाल." पण घरी येताना कान गरम झालेले असायचे.

लेखी परीक्षा तिने एका फटक्यात पार केली. रस्त्यावरची पहिली मात्र गेली. परीक्षक मागच्या सीटवर बसला होता. त्याने विचारलं, "इथे थांबायचं की नाही?" आणि असिमीना अख्खी मागे वळून त्याला समजावून सांगायला लागली की कशाला थांबायचं, कुठून गाडी येऊ शकते. तेवढ्यात थांबायची पाटी मागे गेली. घरी येऊन बॅग टेबलावर टाकली. आता मोजे नव्हते, त्यामुळे आवाज झाला. "त्याने मागून विचारलं! मागून विचारलेल्याला पुढे बघून उत्तर द्यायचं? असे संस्कार नाहीत माझ्यावर."

दुसऱ्या वेळी लाम्ब्रोसने तिला सांगून ठेवलं, परीक्षक म्हणजे रेडिओ समजा. त्या वेळी पास झाली. फोटिसनेच तिला सगळ्यांसमोर कॉफी पाजली. बरणीतली पाकातली गोड चेरीही पुढे केली, हे कबूल करायला हवं.

आणि मग नोव्हेंबरात, डबी धुऊन घ्यायचा दिवस आला. सकाळी मी सवयीने डावीकडे गेलो. ती दाराशी किल्ली घेऊन उभीच होती. मी वळसा घालून उजवीकडे गेलो, बसलो, पट्टा ओढला. तो माझ्या उजव्या खांद्यावरून खाली आला आणि छातीवर टेकला. नेमका कुठे टेकतो ते मला त्या दिवशी कळलं.

वाटेबद्दल काय सांगू? ती नीट चालवत होती. मीच नीट बसलो नव्हतो. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. ती ओठ मिटून समोर बघत होती, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळून धरलं होतं जणू ते पळून जाईल. लारिसाच्या पुलावर एक बस अंगावर आल्यासारखी वाटली आणि मी पाय असा दाबला की गाडीचा तळच गेला. पिकअप जुना, खालचा पत्रा गंजलेला. माझा बूट त्यातून आरपार. खाली रस्ता पळताना दिसत होता.

"काय झालं?"

"काही नाही. तू समोर बघ."

वॉर्डात पोचलो तेव्हा मी गुपचूप बूट झटकत होतो. ग्लिकेरियाला असिमीनाने नुसती किल्ली वर करून दाखवली. ग्लिकेरियाने तिला अशी मिठी मारली की मी म्हटलं, डबी सांभाळा.

मग मास्क लावून काम सुरू. असिमीना खुर्चीत मागे रेलली. मीही मास्क लावून कडेला बसलो. ग्लिकेरियाने ती जागा गार औषधाने पुसून वाळू दिली, डबी दोन बोटांत पकडली. "श्वास ओढा, धरून ठेवा." काटकोनात वाकलेली सुई आत गेली. ग्लिकेरियाने पिचकारीची दांडी मागे ओढली. खरं तर नळीत रक्त दिसायला हवं; ते दिसलं की समजायचं, रस्ता मोकळा आहे. काही आलं नाही.

"उजवा हात वर करा. डोकं डावीकडे. खोका."

असिमीना खोकली. नाही.

"आडव्या व्हा बघू."

खुर्ची आडवी केली. नाही. ग्लिकेरियाने थोडं सलाईन हळूच आत सोडलं, पुन्हा ओढलं. आत जात होतं, बाहेर येत नव्हतं. असिमीनाचा चेहरा बदलला. "बंद पडली का?"

"बंद कशाने पडतेय? कधी कधी नळीचं टोक शिरेच्या भिंतीला चिकटतं. नाहीच आलं तर गाठ विरघळायचं औषध घालू, थोडं थांबू. पण तुम्ही लाकडासारख्या ताठ झाल्यात. खांदे बघा! गाडी खाली लावलीत ना? मग स्टिअरिंग सोडा आता."

"सोडलंय," असिमीना म्हणाली. हाताच्या मुठी तशाच होत्या.

"वाटेत काही झालं का?" ग्लिकेरियाने मला विचारलं.

आता खोटं कशाला बोलू? मी पाय पुढे केला. बुटाचं टोक खरवडून निघालं होतं, नाडीला गंज लागला होता. "पुलावर मी ब्रेक मारला," मी म्हटलं. "माझ्या बाजूला ब्रेक नाही. पत्रा फाटला. गाडीला भोक पडलंय."

असिमीनाने मान उचलून बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. खुर्ची हलायला लागली. "म्हणून! म्हणून मगाशी पायाला वारा लागत होता! मला वाटलं बोटं अजून बधिर आहेत!"

"हलू नका! सुई आहे!" ग्लिकेरिया ओरडली आणि तीही हसत होती. आणि हसता हसता तिने दांडी ओढली आणि पिचकारीत गडद लाल रक्त सर्रकन आलं.

"आलं!"

मग सलाईन झटक्याझटक्याने आत सोडलं. ते आत गेलं की असिमीनाला तोंडात खारट, लोखंडासारखी चव येते, म्हणून ती आधीच जिभेखाली पेपरमिंट धरते. शेवटी सुई काढली, बोळा दाबला, छोटी पट्टी. ग्लिकेरिया मला म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरा बूट घालून या."

पत्र्याच्या भोकावर मी लोखंडी पट्टी डकवून घेतली. तिथे पाय ठेवायची मला आता सवय झाली आहे.

तेव्हापासून दीडेक महिन्याने असिमीना मला खाली नेते. खरं म्हणजे स्वतःला नेते, मी बरोबर असतो. मधल्या काळात समुद्रात पोहली, नातवाला कडेवर घेतलं. पोराचं डोकं आधी हमखास डबीवर आपटायचं, आता तो स्वतःच डावीकडे टेकतो. थंडी वाजून ताप एकदा आला होता. धावत गेलो, तर साधा फ्लू निघाला. सफरचंदांच्या मोसमात पेट्याही तीच खाली पोचवते आणि घासाघीस माझ्यापेक्षा बरी करते, कारण समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलते.

गेल्या सप्टेंबरात तपासण्या झाल्या. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "हवं तर काढून टाकू. काढायची नसेल तर आणखी वर्षभर राहू दे. निर्णय तुमचा."

असिमीनाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने छातीवरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "काही त्रास नाही तिचा. आणि काढायला पुन्हा चिरायचं, पुन्हा टाके. सवडीने बघू."

"घाबरून ठेवताय असं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"थोडंसं तेही आहे," ती सरळ म्हणाली. "पण फार नाही."

खाली आलो. डोंगराकडे वळायच्या चौकात ती वळली नाही, सरळ गेली.

"अगं, गाव तिकडे राहिलं."

"ठाऊक आहे. समुद्रावर चाललोय. भूक लागलीय."

आगिओकाम्बोसच्या किनाऱ्यावर मोसम सरला होता. खानावळीची टेबलं निम्मी आत नेलेली. आम्ही वाऱ्याच्या आड बसलो. तळलेले बारबूनी मासे मागवले, उकडलेली रानभाजी लिंबू पिळून, आणि त्सिपुरो दारूची छोटी बाटली. पोऱ्याने दोन ग्लास आणले. असिमीनाने आपला उलटा करून ठेवला.

"मी चालवतेय," तिने त्याला सांगितलं.

मी माझा भरला. एवढ्या वर्षांत समुद्रावर येऊन मी कधी निवांत प्यालो नव्हतो. परतीची वळणं डोक्यात असायची. आज दुसराही भरला. ती मासा सोलत होती, काटे ताटाच्या कडेला रांगेत लावत, बोटं न चुकता.

"आणखी घे," ती म्हणाली. "उगाच उरवू नकोस."